मधलं शून्य

इबिदुनबाईंच्या दुकानात तीन फ्रीझर,
तिन्हींत गोठलेले बांगडे,
डोळे उघडे ठेवून विजेची वाट बघणारे.
अबेओकुटात वीज पाहुण्यासारखी येते,
चहा उकळेपर्यंत उठते.

"म्हणून भाच्यानं करून दिलीय," बाई म्हणाल्या
आणि काउंटरखालून काढली
पिवळी वायर, दोन मीटर,
दोन्ही टोकांना पितळी पिना.
एक टोक जनरेटरात, दुसरं भिंतीतल्या सॉकेटात.
झालं. घर उजळतं.

उस्ताद रसाकी तिला हात लावेनात.
दुतोंडी मांडूळ निदान चावत तरी नाही.
हिचं एक टोक खोचलं
की दुसरं तुमच्या मुठीत जिवंत, उघडं.

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं:
विजेला सासर-माहेर कळत नाही.
वाट दिसली की ती निघते.
तुमच्या मीटरातून उलटी, खांबावर,
ट्रान्सफॉर्मरात शिरते दोनशे तीस होऊन
आणि पलीकडून बाहेर पडते अकरा हजार होऊन.
गल्लीत तेव्हा अंधारच असतो.
तारा मेल्यासारख्या दिसतात.
मेल्यासारख्या.

"चेंजओव्हरचे किती?"
उस्तादांनी आकडा सांगितला.
बाईंनी तो अर्धा केला.
आम्ही भिंतीला भोकं पाडायला लागलो.

दुपारी वीज कंपनीचा माणूस आला,
मोटरसायकलवर आडवी शिडी बांधून.
दुकानासमोरच्या खांबाशी त्यानं इंजिन बंद केलं
आणि नुसता उभा राहिला.
मला वाटलं, दमलाय.
तो ऐकत होता.
मशिदीमागे एक.
शिंप्याकडे दुसरा, खोकणारा.
न्हाव्याचा छोटा, डासासारखा.
बोटांवर मोजत होता जनरेटर,
आणि कुणाच्या भिंतीत कसली वायर खोचलीय
हे कानाला कळत नाही.

त्याच्याकडे रबरी हातमोजा होता. डाव्या हाताचा.
उजवा यायचाय, म्हणाला, गेल्या ईदपासून.

बाईंनी त्याला पाणी दिलं.
आई कुठली तुझी, विचारलं.
आत येऊन आकड्याबद्दल पुन्हा बोलल्या नाहीत.
(दुसऱ्या दिवशी बोलल्या.)

जनरेटर आम्ही मागच्या भिंतीपलीकडे नेला,
खिडकीपासून जेवढा लांब जाईल तेवढा.
धुरातलं जे मारतं, त्याला वास नसतो.
तांब्याचा रॉड जमिनीत ठोकला,
भोवती मीठ, कोळसा, दोन बादल्या पाणी.
मग फळीवर चेंजओव्हर:
वर खांबाची वीज, खाली जनरेटर,
मधे शून्य.
फेज आणि न्यूट्रल, दोन्ही एकाच दांड्याला.

"शून्यातून गेल्याशिवाय," उस्ताद म्हणाले,
"इकडून तिकडे जाताच येत नाही. लोखंडच तसं घडवलंय.
माणसाच्या लक्षात राहण्यावर
यातलं काहीही सोडलेलं नाही."

पिवळ्या वायरीचं एक टोक त्यांनी कापलं
आणि वायर बाईंना परत दिली.
चांगलं तांबं, टाकून कशाला द्यायचं.
कापलेला प्लग माझ्या खिशात राहिला,
आणि पुढची कित्येक वर्षं चाव्यांबरोबर वाजत राहिला.

दिवेलागणीला वीज आली.
पोरं ओरडली, "अप नेपा!"
नेपा कंपनी कधीच गेली, आरोळी राहिली.
बाई मागे जाऊन जनरेटर बंद करून आल्या,
पदर खोचल्यासारखी लुंगी कमरेला घट्ट केली,
दांडा दोन्ही हातांनी धरला.

ठक्.

शून्यावर.
दुकान काळंमिट्ट, फ्रीझर गप्प.
इतकी शांतता मी तिथं कधी ऐकली नव्हती.
बाई थांबल्या तिथेच,
लागतं त्यापेक्षा जास्त वेळ.

"उतरला का तो?"

वीज आली म्हणजे उतरलाच असणार,
हे त्यांनाही कळत होतं.
मी तरी बाहेर जाऊन
खांब बघून आलो.